टेबलाला घड्याळ: हॉटेलांनी जेवायला वेळ बांधून द्यावी का?

तिसवाडीकर

मंडळी, सल्ला हवाय आणि थोडं मन मोकळंही करायचंय.

पुढच्या महिन्यात वडिलांना पंचाहत्तर पूर्ण होतात. घरची मिळून चौदा माणसं, त्यात मुंबईचे काका-काकू आणि दोन लहान पोरं. बहिणीने आसगावातलं जुन्या घरातलं एक रेस्टॉरंट शोधलं (नाव देत नाही, उगाच कशाला) आणि रविवार दुपारचं बुकिंग केलं. तासाभरात मोबाईलवर निरोप आला: आपले टेबल दुपारी १ ते २.३० राखीव आहे, २.३० ला टेबल मोकळे करावे, पंधरा मिनिटांहून उशीर झाल्यास बुकिंग रद्द समजावे.

दीड तास! चौदा माणसं गाड्यांतून उतरून, कोण कुणाशेजारी बसणार हे ठरेपर्यंत वीस मिनिटं जातील. काकू मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. वडील दोन घासांच्या मध्ये १९६१ सालच्या गोष्टी सांगतात. आम्ही जेवायला जातोय की पेपर सोडवायला?

बहीण म्हणते, जगभर हेच चालतं, तूच मागे राहिलास. तर प्रश्न दोन. हॉटेलने असं घड्याळ लावणं तुम्हाला पटतं का? आणि हे बुकिंग ठेवू की सोडू?

उंडो_आनी_चाय

दीड तास?? पणजीत भाजीपाववाल्याकडे दीड तासात आजोबा, बाप आणि नातू असे तिघेही वेगवेगळे येऊन खाऊन जातात.

मांडवीपार

१) नाही. २) सोडा.

पुढचा धागा काढा.

फोंडेकरीण

मला यात नवीन काय आहे तेच कळत नाही. दुपारी दीडला पणजीत कुठल्याही नावाजलेल्या ठिकाणी मासळीची थाळी खायला जा. अनोळखी चौघं एका टेबलावर. तुमचं शीत-हुमण संपत आलेलं असतं, किसमूर अजून वाटीत असतं आणि मागे एक माणूस तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलेला असतो. सोलकढीचा पेला उचललात की त्याची पिशवी टेबलावर येते. बिल न मागता येतं. तीन वाजले की खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढायला लागतात. ही मर्यादाच आहे की! फक्त कुणी मोबाईलवर पाठवत नाही.

आणि हे गोव्यापुरतं नाही. मुंबईच्या इराण्यांनी फार वेळ बसू नये अशा पाट्या लावल्या, त्याला किती काळ लोटला. माटुंग्याला उडप्याकडे रविवारी सकाळी बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं आणि आत गेल्यावर रेंगाळायची तुमचीच छाती होत नाही. बेंगळुरूच्या दर्शिनीवाल्यांनी तर मुळावरच घाव घातला, खुर्चीच ठेवली नाही. उभ्याने इडली खा, उभ्याने कॉफी प्या, निघा.

लिहून दिलं की आपल्याला अपमान वाटतो, एवढंच. मला उलट लिहिलेलं बरं वाटतं. मानेवर कुणाचा तरी श्वास घेत जेवण्यापेक्षा आधी कळलेलं काय वाईट?

सासष्टीकर

फोंडेकरीणताई, थाळीचा आणि याचा संबंध नाही हो. थाळी खायला मी बसत नाही, जेवून उठतो. भूक लागली, इसवणाची कापी आली, संपली. चाळीस मिनिटांत मी बाहेर असतो आणि मला तेच हवं असतं.

वडिलांच्या पंचाहत्तरीला माणूस जेवायला जात नाही, बसायला जातो. आमच्या सासष्टीत रविवारचं घरचं जेवण एकला सुरू होतं आणि चार वाजता कुणीतरी म्हणतं, आता जरा पडूया. मध्ये काय जेवलो ते आठवतही नाही. हे ज्याला विकायचंय त्याने ते तसंच विकावं. जुनं घर, ओसरी, शिंपल्यांच्या खिडक्या, बाहेर सुपारीची झाडं, असे फोटो टाकायचे, सुशेगाद म्हणून गावभर सांगायचं आणि मग अडीचला उठा म्हणायचं!

मांडवीपार

सासष्टीकर +१. मला हेच म्हणायचं होतं, टायपायचा कंटाळा आला.

स्विंडनकर

इथे इंग्लंडमध्ये हे इतकं सर्रास आहे की आता कुणी लक्ष देत नाही. लंडनमध्ये ऑनलाईन बुकिंग करताना पानावरच लिहिलेलं असतं, तुमचं टेबल अमुक वाजेपर्यंत तुमचं. पण एक फरक आहे. साधारणपणे दोघांना दीड-पावणेदोन तास, चौघांना दोन, मोठ्या ग्रुपला त्याहून जास्त. माणसं वाढली की वेळ वाढतो. चौदा जणांना दीड तास देणारा मी तरी पाहिला नाही.

दुसरं म्हणजे वेळ संपली की कुणी धक्का देत नाही. मुलगी येते, गोड हसते आणि म्हणते, बारकडे बसायला आवडेल का? म्हणजे टेबल सोडा, पैसे मात्र इथेच खर्च करा.

जपानला ऑफिसच्या कामाने गेलो होतो, तिथल्या इझाकायात (खाण्यापिण्याचे जपानी बार) तर सरळ दोन तास. संपायला अर्धा तास उरला की शेवटची ऑर्डर विचारतात. सगळे दोन तासांनी उठतात आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा बसतात. कुणाला राग नाही, कारण सगळीकडे तेच आहे आणि सगळ्यांना आधीपासून माहीत आहे.

पेठेतला_पाहुणा

(पुण्याचा, आता पर्वरीत.) आमच्याकडे वेळेचं बंधन गिऱ्हाइकाला नसतं, दुकानदार स्वतःलाच घालून घेतो. १ ते ४ बंद.

उंडो_आनी_चाय

१ ते ४ आमच्याकडेही बंदच असतं पात्रांव. आम्ही पाटी लावत नाही, कारण ती लावायला कुणी जागं नसतं.

गल्ल्यावरचा

मी वाचतच असतो इथे, लिहीत नाही. पण आता माझ्या धंद्यावर आलंय. म्हापशाच्या बाजूला माझं चाळीस खुर्च्यांचं हॉटेल आहे. नाव सांगत नाही, जाहिरात होते.

हिशेब मांडतो. रविवारची दुपार म्हणजे साडेबारा ते साडेतीन. तीन तास. दर टेबल दीड तासात सुटलं तर ऐंशी माणसं जेवतात. लोक अडीच-तीन तास बसले तर चाळीस. स्वयंपाकी तेवढेच, भाडं तेवढंच, वीज तेवढीच, सकाळी आणलेलं नुस्तें (मासळी) तेवढंच आणि ते संध्याकाळपर्यंत ताजं राहत नाही. दारात ताटकळलेली माणसं पाऊण तास वाट बघून निघून जातात आणि गूगलवर एक तारा देऊन जातात.

याचा अभ्यासही झालाय. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी १९९८ च्या सुमारास मांडलं की हॉटेलवाल्याने नुसतं किती ताटं गेली ते मोजू नये, एका खुर्चीमागे एका तासाला किती उत्पन्न आलं ते मोजावं. विमान कंपन्या आणि लॉजिंगवाले रिकामी सीट, रिकामी खोली असा हिशेब आधीपासून करतच होते. काल रिकामी राहिलेली खुर्ची आज विकता येत नाही.

आता गोव्याचं बघा. नाताळ ते नवीन वर्ष पाय ठेवायला जागा नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाहेर पाऊस, आत चार टेबलं. वर्षभराचं भाडं आम्हाला थंडीत काढायचं असतं. म्हणून डिसेंबरात कुणी घड्याळ लावलं तर त्याला शिव्या घालू नका. जुलैत कुणी लावलं तर जरूर घाला.

हे सगळं म्हटल्यावर आता उलट बाजू. चौदा माणसांना दीड तास हा त्या हॉटेलचाच मूर्खपणा आहे. चौदा जणांची केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) एकदम आत गेली की किचन गुदमरतं. कुणाला रवा फ्राय, कुणाला शाकुती, पोरांना नूडल्स, काकांना बिनतिखट. पहिलं ताट येईपर्यंतच चाळीस मिनिटं, आणि ती तुमच्या दीड तासातून कापलेली! उशीर माझ्या किचनचा, दंड तुम्हाला, हे कुठलं गणित?

तिसवाडीकर, दोन उपाय. एक, मेनू दोन दिवस आधी ठरवून कळवा, टेबलावर मेनू वाचायचाच नाही. दोन, एकची नाही, अडीचची वेळ मागा. अडीचनंतर मागून कुणी येणार नसतं, त्यामुळे उठवणारही कुणी नसतं.

काणकोणची_सून

गल्ल्यावरचा यांचा शेवटचा उपाय लाखमोलाचा. शॅकवाल्यांचं नेमकं उलट आहे, म्हणून सांगते.

आमच्या सासऱ्यांचा पाळोळ्याला शॅक असायचा. सीझन आला की उभा करायचा, पावसाच्या आधी मोडून लाकडं-माडाची झावळं घरी. एखादा गोरा सकाळी दहाला पुस्तक घेऊन येतो, एक बीअर मागवतो, पलंगावर आडवा होतो. बाहेरच्यांना वाटतं फुकट जागा अडवली. पण तोच माणूस दुपारी जेवतो, चारला लिंबूसोडा घेतो, सूर्यास्ताला त्याची बायको येते आणि दोघं मिळून अख्खा चणक भाजून घेतात. अशाला कुणी घड्याळ दाखवत नाही.

भांडण व्हायचं ते फक्त पहिल्या रांगेतल्या टेबलांवरून, सूर्य मावळायच्या वेळी. तिथे सासऱ्यांची पद्धत होती. ऊठ असं कधी म्हणायचे नाहीत. दर दहा मिनिटांनी जाऊन प्रेमाने विचारायचे, आणखी एक आणू? तिसऱ्यांदा विचारलं की माणूस एक तर मागवायचा किंवा उठायचा. दोन्हीत त्यांचं काम व्हायचं.

बार्देसकर

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून मी जरा तिखट बोलतो. आसगाव, शिवोली, हणजूण इथली ही नवी रेस्टॉरंटं आमच्या गावात आहेत, आमच्यासाठी नाहीत. रस्ता एका गाडीचा, त्यावर दोन्ही बाजूंना यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या. आमची गाय घरी यायची तर तिलाही बुकिंग लागेल. दिल्लीचा दर, दिल्लीचा नियम. पर्यटकांना लावा ना घड्याळ, विमान पकडायचंच असतं त्यांना. गोंयकाराला तरी सुखाने जेवू द्या.

पेठेतला_पाहुणा

म्हणजे दारावर आधारकार्ड बघून वेळ ठरवायची? मी सहा वर्षं पर्वरीत राहून कर भरतोय, मला किती मिनिटं?

बार्देसकर

तुम्हाला एक तास. आणि एक ते चार बंद.

पेठेतला_पाहुणा

हा हा, हे मात्र आवडलं.

अंत्रुजी

पण गंभीरपणे, बार्देसकरांच्या रागात तथ्य आहे. वेळेचं घड्याळ सगळ्यांना सारखं लावलं तरी ते सारखं पडत नाही. पर्यटक त्या जागी आयुष्यात एकदा येतो, त्याचं दीड तासात भागतं. गावातला माणूस महिन्यातून एकदा जातो, तो मालकाशी बोलणार, स्वयंपाकघरात डोकावणार, कुणाच्या घरी कोण वारलं ते विचारणार. तेवढं कापलं की तो जाणं बंद करतो. मग जूनमध्ये ती चार टेबलं भरणार कोण?

संपादक

बाहेरचे-आतले या वळणावर धागा जाऊ देऊ नये ही विनंती. विषय टेबलाचा आहे.

काळा_कोट

कायद्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो, सवयच आहे.

हॉटेलने टेबलाची वेळ बांधून देऊ नये असा कुठलाही वेगळा कायदा नाही. बुकिंग करतानाच सांगितलं आणि तुम्ही होय म्हटलं, तर ते तुम्हा दोघांत ठरलं. बुकिंगच्या वेळी काही न बोलता, बसून ऑर्डर दिल्यावर अडीचला उठा म्हटलं, तर भांडायला तुमच्याकडे जागा आहे. तिसवाडीकरांना बुकिंग झाल्यावर तासाभराने निरोप आला, हे मधलंच काहीतरी झालं. आगाऊ पैसे भरले नसतील तर न आवडल्यास सोडून द्या, हाच सर्वांत स्वस्त न्याय.

एक मात्र बघा. अशा ठिकाणी बिलात गुपचूप सर्व्हिस चार्ज असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली की तो आपोआप बिलात घालता येणार नाही. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ही तत्त्वं कायम ठेवली. काढा म्हणा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यावर माझ्याशी वाद घालू नये.

उंडो_आनी_चाय

दीड तासात उठवायचं आणि वर सेवेचे दहा टक्के. कसली सेवा, घड्याळाकडे बघायची?

ट्रे_हातात

सगळ्यांचं वाचलं. मी वेटर आहे. कळंगुटच्या बाजूला काम, राहतो म्हापशाला. मराठी थोडी इकडे-तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

वेळ मालक ठरवतो, पण सांगायला जातो कोण? आम्ही. मालक गल्ल्यावर बसून नुसती मान हलवतो. चार माणसं खुशीत गप्पा मारताहेत, केक कापलाय, आणि मी जाऊन म्हणायचं, सर, पुढची पार्टी आलीय. मला जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहिलं तर संपादक काढून टाकतील. टिप तर गेलीच.

दुसरं कुणी लक्षात घेत नाही. बुकिंग १ ते २.३० आणि पुढचं २.३० पासून. मधे टेबल कोण पुसणार, काटे कोण काढणार, चादर कोण बदलणार? ती दहा मिनिटं कुणीच धरलेली नसतात. ती आम्ही धावून भरून काढतो. त्यात एखादा पेला फुटला तर पगारातून.

तरी मी म्हणेन, रात्री वेळ पाहिजे. दुपारचं मला काही नाही. पण रात्री किचन बंद झाल्यावर चार माणसं एक रिकामी बाटली मधे ठेवून बसतात. त्यांना वाटतं, आम्ही काही मागत नाही म्हणजे आमचा त्रास नाही. शेवटची बस केव्हाच गेलेली असते. पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) रात्री तोंडाला येईल ते भाडं मागतो. लोकांनी बसावं, पण आम्हालाही घर आहे.

फोंडेकरीण

ट्रे_हातात, मराठी उत्तम आहे तुमची. आणि या अख्ख्या धाग्यातला सर्वांत खरा प्रतिसाद तुमचा.

सासष्टीकर

सहमत. रात्रीची वेळ हवी. पण ती हॉटेल बंद होण्याची वेळ, माझ्या टेबलाची नव्हे. अकराला बंद म्हणजे अकराला बंद, सगळ्यांना एकच. त्यात माझा मान जात नाही.

मांडवीपार

आता थोडं मोठं टायपतो. न बोलता उठवायची एक पद्धत शास्त्राने सिद्ध केलेली आहे. रोनाल्ड मिलिमन नावाच्या संशोधकाने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटमधला प्रयोग छापला. काही रात्री संथ संगीत, काही रात्री जलद. जलद संगीताला लोक सरासरी ४५ मिनिटांत जेवून उठले, संथला ५६ मिनिटं बसले. गंमत पुढे आहे. जेवणाचं बिल दोन्हीकडे जवळपास सारखंच, पण संथ संगीताच्या रात्री दारूचं बिल चांगलंच वाढलं.

म्हणजे ज्याला दारू विकायची त्याने तुम्हाला बसवावं आणि ज्याला थाळी विकायची त्याने ढाणढाण गाणी लावावी.

गल्ल्यावरचा

शंभर टक्के. थाळीत माझ्या हाताला फार काही लागत नाही, बारमध्ये लागतं. ज्या टेबलावर दुसरा राउंड चाललाय त्या टेबलाला मी हातही लावत नाही. घड्याळ लावावंसं वाटतं ते तीन माणसांत एक कॉफी आणि दोन पाणी अशा टेबलाला.

उंडो_आनी_चाय

तिसवाडीकर, उत्तर मिळालं. वडिलांसाठी फेणी मागवा, घड्याळ आपोआप बंद पडेल.

अंत्रुजी

रच्याकने (जाता जाता), एक कॉफीवाल्यांवरून आठवलं. हणजुणेच्या कॅफेत बसलेले लॅपटॉपवाले हा खरा प्रश्न आहे. एक कापुचिनो, चार्जर, कानात बोंडं आणि मोठ्याने मीटिंग. टेबल चौघांचं, माणूस एक. काही कॅफेंनी आता शनिवार-रविवार लॅपटॉप नको अशी पाटी लावलीय, काही जण वायफायचा पासवर्ड बिलावर छापतात, तासाभराने संपतो. दक्षिण कोरियात तर प्रकरण इतकं वाढलं की स्टारबक्सला २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेस्कटॉप आणि प्रिंटर आणू नका असं सांगावं लागलं. प्रिंटर!

पेठेतला_पाहुणा

त्या कानात बोंडंवाल्यांपैकी मी एक आहे. घरी दुपारी वीज जाते, कुठे जाऊ? पण मी दर दोन तासांनी काहीतरी मागवतो. सॅंडविच खाऊन खाऊन वजन वाढलंय.

सासष्टीकर

बसण्याचेच पैसे घ्यावेत मग सरळ. इटलीत बिलात माणशी कोपेर्तो लावतात, पाव-टेबलाचा आकार, आणि मग तुम्ही रात्रभर बसा. लिस्बनला बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात. खाल्लंत तर बिलात, हात लावला नाहीत तर नाही. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षांत आम्हाला पाव दिला, पण हे नाही शिकवलं.

गल्ल्यावरचा

गोव्यात माणशी पन्नास रुपये बसण्याचे लावून बघा. संध्याकाळपर्यंत बिलाचा फोटो अख्ख्या बार्देशच्या व्हॉट्सअ‍ॅपवर.

फोंडेकरीण

एक गोष्ट राहून गेली. मी आधी लिहिलेलं वेळ लिहून द्या, ते अजून पटतंच मला. पण आईला घेऊन गेले की पटत नाही. तिला कवळी आहे, मासळीचा काटा लागेल या भीतीने एकेक घास तपासून खाते. तिच्यासाठी दीड तास म्हणजे अर्धं जेवण. लहान पोरांच्या आयांचंही तेच. घड्याळ लावणारा माणूस नेहमी पस्तिशीतला, सगळे दात शाबूत असलेला असतो. बुकिंग करताना सोबत वयस्क माणूस आहे का एवढं विचारायला काय जातं? खुर्ची उंच हवी का ते विचारतातच ना पोरांसाठी.

तिसवाडीकर

बाप रे, एवढे प्रतिसाद! सर्वांचे आभार.

गल्ल्यावरचा यांचं ऐकून फोन केला. पलीकडची मुलगी बरी होती. अडीचची वेळ लगेच मिळाली, किचन साडेचारला बंद, तोवर बसा म्हणाली. ठरलेला मेनूही चालेल. मी खूश. घरी येऊन वडिलांना सांगितलं तर ते म्हणतात, अडीचला जेवायचं? त्या वेळी मी झोपलेला असतो.

संपलं. बुकिंग सोडलं, त्यांना तसं फोन करून कळवलं. आता आमच्याच वाड्यावरच्या साध्या हॉटेलवाल्याला विचारलंय. तो वेळेचं काही बोलला नाही. तो म्हणाला, नुस्तें किती किलो ते आदल्या दिवशी सांग, आणि दारू आणणार असशील तर बाटल्या परत न्यायच्या.

फोंडेकरीण

छान झालं. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं तुमचं स्वतःचं उत्तर काय?

तिसवाडीकर

वेळ बांधण्याला माझा विरोध राहिला नाही, फोनवर त्या मुलीशी बोलल्यावर तर नाहीच. दीड तास हा आकडा कुणीतरी कॉम्प्युटरात टाकलाय आणि तो दोघांनाही तेवढाच, चौदांनाही तेवढाच, याला आहे. माणसाशी बोललो तर दोन मिनिटांत सुटलं. बहिणीला हे सांगू नका.

बार्देसकर

तिने वाचलं असेल तर?

गल्ल्यावरचा

धागा वाचून मीही विचार करायला लागलो. डिसेंबरात मला काहीतरी लावावंच लागणार. मसुदा देतो, मराठी तपासून द्या.

"कृपया नोंद घ्यावी. २० डिसेंबर ते २ जानेवारी: चार जणांपर्यंत दोन तास, त्याहून जास्त असल्यास कृपया आधी फोन करावा. वेळ पहिला पदार्थ टेबलावर आल्यापासून मोजली जाईल. वयस्क माणसे व लहान मुले सोबत असल्यास वेळ नाही. कृपया सहकार्य करावे. व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील."

पेठेतला_पाहुणा

"वयस्क माणसे सोबत असल्यास वेळ नाही" म्हणजे आम्हाला वेळ नाही, निघा, असा अर्थ निघतो. "वेळेचे बंधन नाही" करा.

फोंडेकरीण

तीन "कृपया" आहेत. दोन काढा.

स्विंडनकर

पहिला पदार्थ आल्यापासून मोजणं पहिल्यांदाच ऐकतोय. इथे कुणी ते करणार नाही. मोजणार कोण?

गल्ल्यावरचा

केओटीवर वेळ छापून येते आणि ताट बाहेर गेलं की किचनमधला पोरगा त्यावर रेघ मारतो. त्या रेघेपासून. उशीर माझा असेल तर भरपाईही माझी.

काळा_कोट

"व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम" काढा. त्याने कुणी घाबरत नाही आणि कोर्टातही चालत नाही.

उंडो_आनी_चाय

"दुसरा राउंड चालू असल्यास घड्याळ थांबते" हे पण टाका, खरं तेच लिहा.

ट्रे_हातात

आणि पाटी गल्ल्याच्या मागे लावू नका शेट, दारावर लावा. आत आल्यावर दाखवायची पाळी माझ्यासारख्यावर येते. कोंकणीत पण लावा, आणि इंग्लिशमधे मोठ्या अक्षरांत. ज्यांना वाचायचं नसतं ते इंग्लिशच वाचत नाहीत.